माळ्याच्या दारची फुले : गृहशोभेचा थोडा इतिहास

आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून आजवर संतांची चरित्रे आली, सुधारकांच्या कार्याचा गौरव झाला, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आली आणि वधूवरांच्या याद्या तर दर वर्षी येतातच. परंतु ज्या घरात ही स्मरणिका वाचली जाते त्या घराच्या भिंतीविषयी, अंगणाविषयी आणि परसाविषयी कोणी लिहिल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. आपण माळी. फुले, फळे व भाजीपाला पिकविणे हा आपला परंपरागत व्यवसाय. राजांचे बगीचे आपल्या पूर्वजांनी लाविले, देवांचे हार आपल्या आयाबहिणींनी गुंफिले. दुसऱ्याच्या घराला शोभा आणण्याचे काम ज्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या केले, तिच्या स्वतःच्या घराच्या शोभेचा इतिहास काय आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो विचारावयास फर्दापूरइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

फर्दापूर हे सोयगाव तालुक्यातील, अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याचे गाव. बऱ्हाणपुराहून दक्षिणेत उतरणारा जुना रस्ता येथूनच घाट चढत असे. म्हणून मुघल काळात येथे प्रवाशांसाठी मोठी सराई बांधली गेली. परंतु गावाची खरी कीर्ती आहे ती चार-पाच किलोमीटरवर वाघोरा नदीच्या वळणावर असलेल्या लेण्यांमुळे. १८१९ साली जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली आणि जगाला त्यांची नव्याने ओळख झाली. लेणी पाहावयास येणारे लोक तेथील बोधिसत्त्वांच्या मुद्रा पाहतात, अलंकार पाहतात, जातककथा ऐकतात व परततात. ही चित्रे ज्या भिंतीवर काढली आहेत ती भिंत कशाची आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

ती भिंत आपल्या आजीच्या घरची आहे. हे अलंकारिक बोलणे नव्हे. शास्त्रज्ञांनी गिलाव्याची जी परीक्षा केली आहे तीवरून असे दिसते की, कारागिरांनी खडबडीत कातळावर प्रथम मातीचा लेप दिला. त्या मातीत शेण, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालविलेले होते. त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात दिला आणि मग रंग भरले. तांबडा व पिवळा रंग गेरू आणि पिवडीसारख्या मातीचा. हिरवा रंग हिरव्या मातीचा. काळा रंग काजळीचा. एक निळा तेवढा दूरचा. तो अफगाणिस्तानातील नीलपाषाण कुटून केलेला असे व व्यापाऱ्यांबरोबर येई. बाकी सारे साहित्य शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी मिळणारे होते. धाब्याच्या घराची भिंत लिंपताना आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया माती, शेण व भुसा पायांनी तुडवून, वर पांढऱ्या मातीचा हात देऊन, चौकटीच्या बाजूंनी गेरूचे पट्टे ओढीत. हे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दोन भिंतींचे नाते सांगावयास नको. पंधराशे वर्षांपूर्वीच्या जगप्रसिद्ध चित्राखाली आणि आपल्या स्वयंपाकघराच्या कोनाड्याखाली लेप एकाच जातीचा आहे. मातीत शेण आणि भुसा का घालावयाचा, तर वाळताना भिंतीला भेगा जाऊ नयेत व लेप कातळाला किंवा विटेला धरून राहावा म्हणून. हे ज्ञान पुस्तकातले नव्हे. ते हातातून हातात आले.

लेण्यांची छते पाहण्यासारखी आहेत. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत मान वर केली असता चौकटीचौकटींतून कमळे, कळ्या, वेली, फळे, हंस, हत्ती, बैल असे नाना आकार दिसतात. काही ठिकाणी तर छत दगडाचे नसून वर कापड ताणून बांधले आहे असा भास व्हावा अशी चित्रकाराची युक्ती आहे. लग्नाच्या मांडवात आपण वर चांदवा बांधतो, तोच हा प्रकार. म्हणजे डोक्यावरचा कातळ झाकून राहत्या जागेला मांडवाची कळा आणावी, ही इच्छा भिक्षूंच्या विहारांतही होती. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने आपण करविलेल्या या वास्तूचे वर्णन करताना तिची गवाक्षे, वीथी व वेदिका मोठ्या कौतुकाने सांगितल्या आहेत. सर्वसंगपरित्याग केलेल्या लोकांच्या निवासालाही प्रकाश, हवा आणि चित्र हवेसे वाटले. मग संसारी माणसाने आपल्या चार भिंती उजाड का ठेवाव्या?

या छतांची नक्षी पुढे फार दूर गेली. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येथे येत व प्रती काढीत. त्यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये दोन खंडांत निघाला. त्यांपैकी दुसरा खंड नक्षीकामासाठी राखलेला आहे. १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्रीने फर्दापुराच्या बाजूस तळ देऊन नव्या प्रती करविल्या. तिच्या मदतीस कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व व्यंकटप्पा हे तरुण आले होते, तर हैदराबादेहून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन आले होते. नंदलाल बोस पुढे शांतिनिकेतनात कलाभवनाचे आचार्य झाले आणि तेथे अल्पना, म्हणजे बंगाली पद्धतीची रांगोळी, तिला त्यांच्या काळात मोठी प्रतिष्ठा मिळाली. फर्दापूरजवळच्या कमळवेलींचे वळण त्या अल्पनांत ओळखू येते. आमच्या डोंगरातली वेल बंगालच्या अंगणात जाऊन रुजली. आणि आमच्या अंगणात मात्र हल्ली प्लास्टिकची चिकटणारी रांगोळी बाजारातून येते!

आता चित्रांतल्या झाडांकडे वळू. अजिंठ्याच्या चित्रांत राजवाड्याच्या खांबांमागून केळीची पाने डोकावतात, पोफळीची सरळ खोडे दिसतात, अशोक व आंबा दिसतो, सर्वत्र कमळे तर आहेतच. दुसऱ्या लेण्यात इरंदती ही नागकन्या झोक्यावर बसलेली दाखविली आहे. सतराव्या लेण्यात प्रसाधनात गुंतलेली, हाती आरसा घेतलेली राजस्त्री आहे. घर, अंगण, झोका, झाड हे सारे एकमेकांना लागून आहेत. घर कोठे संपले आणि बाग कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही. येथे एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. हल्ली बंगल्यांपुढे उंच, सरळसोट, हिरव्या पानांची जी झाडे रांगेने लावितात व ज्यांना सरसकट अशोक म्हणतात, तो चित्रातला अशोक नव्हे. खरा, सीतेचा अशोक पसरट असतो व त्याला वसंतात शेंदरी-तांबड्या फुलांचे झुबके येतात. माळ्याच्या मुलाने तरी या दोहोंत गफलत करू नये.

चित्रांत दिसते त्याला ग्रंथाचाही आधार आहे. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांच्या थोडे आधी होऊन गेलेल्या वात्स्यायनाने आपल्या ग्रंथात गृहिणीच्या कर्तव्यांचे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्या ग्रंथाचे नाव ऐकताच कित्येक सभ्य गृहस्थ कानांवर हात ठेवितात, परंतु हे प्रकरण कोणत्याही शाळेच्या वर्गात वाचावे असे आहे. गृहिणीने घर झाडून स्वच्छ ठेवावे, फुलांनी सजवावे, जमीन गुळगुळीत राखावी, परसात भाज्यांचे वाफे, उसाची बेटे, जिरे, मोहरी, ओवा, बडीशेप लावावी, मोगरा, जाई, कोरांटी, तगर, जास्वंद अशी फुलझाडे लावावी, वाळा लावावा, मध्ये पाण्याची विहीर किंवा कुंड असावे, असे तो सांगतो. ही यादी वाचून पाहावी. सोळाशे-सतराशे वर्षे लोटली, राज्ये आली आणि गेली, तरी तगर, जास्वंद, मोगरा व कोरांटी आजही आपल्या दारात आहेत. माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी आजही टाकतो. फुलाच्या आणि स्वयंपाकाच्या झाडांना त्याने एकाच आवारात बसविले, हे विशेष. शोभेची बाग निराळी आणि उपयोगाची निराळी हा भेद त्या काळच्या गृहस्थाला ठाऊक नव्हता.

या यादीत झेंडू मात्र सापडणार नाही; अजिंठ्याच्या भिंतीवरही सापडणार नाही. दसऱ्याला ज्याच्यावाचून आपले तोरण होत नाही तो झेंडू मुळचा मेक्सिकोकडचा. पोर्तुगीज जहाजांनी सोळाव्या शतकापासून अमेरिका खंडातून जी संपत्ती आणली तीत तो आला. मिरची, पेरू, पपई, सीताफळ आणि सायंकाळी उमलणारी गुलबक्षीही तिकडचीच. शेवंती चीनची. गुलाबाचा शब्दच फारसी आहे. बाग, बगीचा, गुलदस्ता हे शब्दही फारसी, आणि हौद अरबी. मळा, वाडी, वाफा, पाट, परस हे आपले. बाहेरून आलेले फूल आपल्या माळ्यांनी असे काही आपलेसे केले की, चारशे वर्षांत ते सनातन वाटू लागले. यात कमीपणा कसला? उलट आपल्या पूर्वजांची ही मोठी कर्तबगारी होय.

परंतु हे पूर्वज कोण, त्यांची नावे काय, असे विचारता इतिहास मौन धरतो. एका नावाचा मोठा अपवाद आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथे संत सावता माळी (१२५०–१२९५) होऊन गेले. मळ्यातले काम हीच त्यांची भक्ती. पंढरीची वारी न करता विठ्ठलाला त्यांनी भाजीच्या वाफ्यात पाहिले. म्हणून पंढरपुराहून विठ्ठलाची पालखी अरणला भेटीस येते अशी परंपरा आहे. देवाने भक्ताच्या मळ्यात यावे हा मान महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला क्वचितच मिळाला असेल. सावतोबांचे अभंग आपण मुखोद्गत म्हणतो. त्यांत ज्या भाज्यांची नावे आहेत त्या आपल्या परसात आहेत की नाहीत, हे मात्र पाहत नाही.

अपवाद सोडला तर आपली नावे नाहीत. आपल्या जिल्ह्याचेच पाहा. मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे राजधानी वसविली आणि त्या शहराला डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरीने आणले. केवळ उताराच्या बळावर वाहणारे ते पाणी हौदांत उतरले आणि त्यावर बागा उठल्या. पुढे शहराचे नाव औरंगाबाद झाले. दिल्ली दरवाजाजवळचा हिमायत बाग त्या मुघल काळातलाच. तेथे आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. बीबी का मकबरा ही इमारत सतराव्या शतकाच्या मध्यास उभी राहिली. तिच्याभोवती पाण्याच्या कालव्यांनी चार भाग केलेला चारबाग आहे. मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकार अताउल्ला व अभियंता हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत. ज्यांनी त्या चारबागेत पहिली रोपे लाविली, उन्हाळ्यात मोट हाकली, त्यांतल्या एकाचेही नाव कोठे नाही. घुमट एकदा बांधला की उभा राहतो. बाग रोज बांधावी लागते. रोजच्या कामाची नोंद कोण ठेवणार?

पुण्याकडेही तेच. शनिवारवाड्यातील हजारी कारंज्याचे वर्णन प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. तो वाडा १८२८ साली जळाला, चौथरे व तट तेवढे उरले, तरी कारंज्याची कीर्ती गेली नाही. त्या वाड्याला फुले पुरविणाऱ्या एका कुटुंबाचे नाव मात्र इतिहासात राहिले, आणि तेही एका वंशजामुळे. कटगुणच्या गोऱ्हे कुटुंबातील मंडळी पुण्यास आली, पेशव्यांच्या दरबारी फुलांची सेवा करू लागली, त्याबद्दल त्यांना पस्तीस एकर जमीन मिळाली आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. त्या घरात १८२७ साली जोतीराव जन्मास आले. गाद्या, हार, गुच्छ पुरविणाऱ्या कुटुंबातील मुलाने १८४८ साली मुलींची शाळा काढली, १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, हे आपण भाषणांतून सांगतोच. मला येथे दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुला केला. हौद हा घराचा भाग आहे, अंगणाचा भाग आहे, त्यावर घरची झाडे जगतात. घराची शोभा कशाने होते याचे याहून मोठे उत्तर मला सुचत नाही. शोभिवंत अंगण ते, ज्यात तहानलेल्या माणसाला येता येते.

आणि सावित्रीबाई! त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. समाजाला शिकण्याचा उपदेश करणाऱ्या कविता त्यात आहेत, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु पिवळा चाफा, जाईचे फूल, जाईची कळी, गुलाबाचे फूल यांवरच्या कविताही त्यातच आहेत, हे सांगितले म्हणजे पुष्कळांना नवल वाटते. शाळेत जाताना ज्यांच्या अंगावर शेणमाती फेकली गेली, त्यांना जाईच्या कळीकडे पाहावयास सवड होती. आम्हांला नाही.

जुन्या घरांविषयी लिहिताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मातीच्या घराचे गोडवे गाणे लेखणीला सोपे जाते. ज्या हातांनी दर आठवड्यास जमीन सारविली, पहाटे सडा घातला, पावसाळ्यात गळणाऱ्या धाब्याखाली भांडी मांडली, भिंतीतल्या ढेकणांशी झुंज घेतली, त्या हातांना विचारल्यास ते सिमेंटच्या घराला दुवाच देतील. पक्के घर झाले हे उत्तमच झाले. त्यात स्त्रीचे कष्ट वाचले, साप-विंचवांचे भय गेले. खेद एवढ्याचाच की, कष्टांबरोबर कलाही टाकून दिली गेली. भिंतीवर गेरूची नक्षी काढणारी बोटे पक्क्या भिंतीवरही काढू शकली असती. अंगणाला फरशी घालताना चार हात जागा मोकळी सोडता आली असती. लेण्यांमुळे आमच्या गावी वर्दळ वाढली, रस्त्यालगतच्या जागेला मोल आले, अंगणांच्या जागी गाळे उभे राहिले. पोट भरणाऱ्या गोष्टीस नावे ठेवण्याचा कोणास अधिकार नाही. पण गल्लीच्या आतल्या घरांतही अंगणे भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटने बंद झाली, त्याला कोणता व्यापार कारण?

पाणी नाही, असे उत्तर मिळते. उन्हाळ्यातले आमच्या भागातले पाण्याचे हाल कोणी नाकारीत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घरोघर आहेत, आणि त्यानंतरही टँकरची वाट पाहणे सुटलेले नाही. तथापि आपल्या आज्यांनी झाडांसाठी निराळे पाणी कधी आणलेच नाही. न्हाणीचे पाणी केळीला जाई व अळवाला जाई. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला व मोगऱ्याला मिळे. कुंपणालगतच्या शेवग्याला तर पहिल्या वर्षानंतर कोणी विचारीतही नसे. गिलक्याचा आणि दोडक्याचा वेल मांडवावर चढवून त्याच्या सावलीत भांडी घासायची जागा केलेली असे. त्यामुळे घासणारीला ऊन लागत नसे व सांडलेले पाणी वेलाच्या मुळाशी मुरे. ही व्यवस्था कोणा तज्ज्ञाने आखून दिली नव्हती. आज शासनाच्या योजनांतून बचतगटांना व शाळांना परसबागेचे धडे दिले जातात, त्यांतला पुष्कळसा भाग हाच आहे. ते धडे जरूर घ्यावेत. आपलेच आपल्याला परत मिळत असेल तर घेताना लाजू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत आपल्याच ज्ञातीच्या घरांतून, आपल्याच लग्नमंडपांतून, फार काय सावता महाराजांच्या पुण्यतिथीच्या व्यासपीठावरही प्लास्टिकच्या फुलांच्या माळा दिसू लागल्या आहेत. एकदा घेतल्या की वर्षानुवर्षे चालतात, धुतल्या की पुन्हा नव्या, असे त्यांचे गुण सांगितले जातात. शेजारच्या शेतात झेंडू तोडणीला आला आहे, दर पडल्यामुळे तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून शेतकरी डोक्याला हात लावून बसला आहे, आणि त्याच्याच भावाच्या दारावर प्लास्टिकचा झेंडू डोलतो आहे! कृत्रिम फुलांवर बंदी घालावी अशी फुलशेती करणाऱ्या शेतकऱ्यांची मागणी आहे. २०२५ साली हा विषय विधिमंडळातही निघाला. सरकारने काय करावे ते सरकार ठरवील. परंतु बंदीची मागणी करणाऱ्या निवेदनावर सही करून घरी परतणाऱ्याच्या चौकटीवर कोणते तोरण असावे, हे ठरविण्यास कायद्याची गरज नाही. आपल्या व्यवसायाची किंमत आपणच ठेविली नाही तर गिऱ्हाईक ती का ठेवील?

यावर तरुण मंडळींचे म्हणणे असे की, शहरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्याने काय करावे? नोकरीनिमित्त संभाजीनगर, जळगाव, पुणे येथे गेलेली आपली शेकडो कुटुंबे अशीच राहतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, लेण्यातल्या भिक्षूची खोली त्यांच्या खोलीहून लहान आहे. कोणी स्वतः जाऊन पाहावे. सज्जात रंगाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोके पाडून, खाली विटांचे तुकडे व वर माती आणि शेणखत घालून एक मोगरा लावता येतो. मोगऱ्याला ऊन मात्र हवे. सज्जा उत्तरेकडे असेल तर मोगरा रुसेल, तेथे तुळसही नीट येत नाही, तेथे अळू किंवा पुदिना लावावा. खिडकीच्या गजांवर गोकर्णाचा वेल चढतो, त्याला निळी फुले येतात आणि मुले ती मोजत बसतात. भिंतीवर छापील चित्र लटकविण्यापेक्षा घरातल्या मुलीच्या हातात गेरू देऊन कोपऱ्यात एक कमळ काढून घ्यावे. वाकडे आले तरी चालेल. घरमालक ओरडेल अशी भीती असल्यास तेच जाड कागदावर काढावे.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. सावता महाराजांची पुण्यतिथी आषाढ वद्य चतुर्दशीस येते. त्या वेळेपर्यंत आमच्याकडे पाऊस बहुधा स्थिरावलेला असतो. कार्यक्रमास येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला शाल-नारळाऐवजी झेंडूची पाच व तगरीचे एक अशी रोपे द्यावी. आपल्यांत रोपवाटिका चालविणारे बांधव आहेत, त्यांच्याकडूनच ती विकत घ्यावी, फुकट मागू नयेत. झेंडूला लावणीपासून साधारण दोन महिन्यांनी फूल येते. रोप जरा वाढले की शेंडा खुडावा म्हणजे फांद्या फुटतात व फुले अधिक लागतात. आषाढाच्या अखेरीस अथवा श्रावणात लाविलेले रोप भाद्रपद उतरता कळ्यांवर येते, आणि दसऱ्याच्या सकाळी घरच्या फुलांचे तोरण चौकटीवर चढते. तगर त्यापुढेही कित्येक वर्षे राहील.